बाभळीच्या खोडाच्या अलीकडं

आमच्या गावच्या तळ्यातला गाळ दर उन्हाळ्यात काढतात. आता ते काम यंत्रानं होतं. काम सुरू होण्याआधी मारुतीच्या पारावर बैठक बसते आणि किती खोल जायचं हा विषय निघाला की कुणीतरी एक जुनी गोष्ट सांगतोच. "जपून रे बाबांनो. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीच्या लोकांनी हावरटपणा करून तळ फोडला हुता. भरलेलं तळं रिकामं झालं." सांगणाऱ्याचा तेव्हा जन्मही झालेला नसतो. मी समोरच बसलेलो असतो. व्हय म्हणत नाही, न्हाई म्हणत नाही.

यंदा त्या गोष्टीला आणखी एक शेपूट फुटलं. काठावर पूर्वी बाभळीचं खोड होतं, त्याच्या पलीकडची जागा, म्हणजे डोंगराकडची, कच्ची आहे. तिला हात लावायचा नाही. खोडाच्या अलीकडं, बांधाच्या अंगाला, तळ पक्का आहे. तिथं यंत्र मनासारखं खोल घालायचं. असं ठरलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. कारण उलटं आहे. कच्ची जागा अलीकडं आहे. हे ठाऊक असलेला गावात आता मी एकटाच उरलो आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मागं डोंगर. डोंगराचं पाणी ओघळींतून तळ्यात उतरतं. पुढं मातीचा लांब बांध, बांधाखाली पिण्याच्या दोन विहिरी, त्यांच्या खाली शेतं. तळ्यात पाणी असलं की विहिरींना पाणी, नाहीतर बायका हंडे घेऊन कुठं कुठं फिरायच्या. एवढ्या एका तळ्यावर गाव उभं होतं.

म्हणून तळ्याची कामं ऋतूंना बांधलेली असत. होळी झाली की गाळ. वैशाखात डोंगरावर आडवे चर खणायचे आणि ओघळींत दगडांच्या ताली रचायच्या, म्हणजे माती वरच अडून तळ्यात नितळ पाणी येतं. पाऊस सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत डोंगरावर गुरं सोडायची नाहीत. राखणीला रोज एका घराची पाळी. आणि हिवाळ्यात पाणी मागं हटत जातं तशी जी ओली जमीन उघडी पडते, तिच्यात हरभरा नाहीतर काकडी लावायची. त्याला गाळपेर म्हणतात. तळ्याच्या कामावर राबलेल्या घरांना चिठ्ठ्या टाकून गाळपेरीचे तुकडे मिळत.

गाळ काढण्याचा एक दंडक होता. तळ्यात टिकाव न्यायचा नाही. फावड्यानं निघेल तेवढाच गाळ आपला. फावडं जिथं चिकट राखी मातीवर अडलं, तिथं थांबायचं. ती राखी माती म्हणजे तळ्याचा तळ. तिच्याखाली मुरूम. मुरूम उघडा पडला की पाणी धरत नाही.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या सालीही धड नव्हता. तळं आटलं, भेगाळलं. गुरं घोडेगावच्या बाजारात मिळेल त्या भावाला गेली, काही चारा-छावणीत गेली. आमची एक बैलजोडी माझ्या वडलांनी, आबांनी, छावणीत ठेवून कशीबशी जगवली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आसपासच्या गावांना खडी फोडायला मिळाली. आमच्या नशिबी गाळ आणि डोंगरावरचे चर आले. दुपारी सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ, वाटायचे. घरी रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्या थापताना बायका त्या धान्याला शिव्या द्यायच्या.

तळ्यात दोन टोळ्या लागल्या. एक गावाची, तिचा मुकादम मी. वय पंचविशीच्या आत, चार इयत्ता शिकलेला, आवाज मोठा. दुसरी बौद्ध वस्तीची. तिच्यावर मुकादम म्हणून एक बाई होती. मध्यमवयीन, विधवा, अंगानं किरकोळ, पण तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. सगळे तिला मामी म्हणायचे. मीही म्हणायचो. काठावर एका वाळलेल्या बाभळीचं खोड होतं. तिथून तळ्यात सरळ रेघ धरून मधे एक पट्टा न खणता सोडला होता. खोडाच्या अलीकडं, बांधाकडं, आमचा खड्डा. पलीकडं, डोंगराकडं, वस्तीचा.

वस्तीतल्या घरांना तोवर गाळपेर कधी मिळाली नव्हती. चिठ्ठ्यांत त्यांची नावंच टाकत नसत. मामीनं काम सुरू होताना पाटलांना सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "पाटील, तळं आमी बी खनतोय. चिठ्ठीत नावं घालनार का न्हाई?"

"तळं भरू दे, मग बघू," पाटील म्हणाले.

"बघू न्हाई. व्हय का न्हाई ते सांगा. म्हंजी तशी फावडी चालवू."

लोक हसले. पाटलांनाही हसू आलं आणि हसण्याच्या भरात ते व्हय म्हणून गेले. त्या दिवसापासून वस्तीची टोळी आमच्या आधी कामावर यायची. एक तुकडा मिळाला की मामीला ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. तिच्या सुनेला पोटूशी असताना कोयत्यावर न्यायची नव्हती, हे ती कुणालाही सांगायची.

किती खोल खणलं ते मोजायला खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवायचा. काठ ढासळतात, खांब ढासळत नाही. त्याच्या डोक्यापासून खालपर्यंत टेप लावली की खोली कळते. खोली कमरेइतकी झाली की थांबायचं, पुढच्या जागेला लागायचं, असा दुष्काळी कामावरच्या सरकारी साहेबांचा हुकूम होता. साहेब आठवड्यातून एकदा यायचे, टेप खांबाला लावायचे आणि उन्हाला वैतागून लगेच निघून जायचे.

काढलेला गाळ ज्याच्याकडं गाडी असेल त्यानं न्यावा, अशी मुभा होती. गावात बैल उरलेलीच घरं थोडी, त्यात आमचं एक. आमचं माळाचं रान म्हणजे नुसता मुरूम. बाजरीसुद्धा गुडघ्याच्या वर येत नसे. त्यावर आम्ही गाळ पसरायला लागलो आणि आबांचा चेहरा बदलला. ते संध्याकाळी त्या काळ्या मातीवर अनवाणी चालायचे. आमच्या खड्ड्यातला गाळ लोण्यासारखा होता आणि बांधावरून गाडीरस्ता अगदी जवळ होता. कमरेइतकी खोली झाली तेव्हा अर्धं रान अजून उघडं होतं.

पुढची जागा रेताड आणि लांब होती. मी एक दिवस दुपारच्या सुट्टीत, माणसं सावलीला गेल्यावर, खड्ड्यात उतरलो. खांबाच्या डोक्यावरची वाळलेली, भेगा पडलेली खपली दोन्ही हातांनी अलगद उचलून बाजूला ठेवली. फावड्यानं खांबाचं डोकं हातभर उतरवलं. खपली परत वर बसवली, भेगांत चिमटीनं धूळ भरली. खांब आता मांडीपर्यंत आला. म्हणजे पुन्हा कमरेपर्यंत जायला जागा झाली.

सुट्टी संपवून मामी पट्ट्यावरून चालली होती. तिनं खांबाकडं पाहिलं. "काय रं मुकादमा, तुझ्या खांबानं टोपी काढली का?"

"ऊन लई हाय मामी," मी म्हणालो.

"व्हय. पर डोकं बी गेलं टोपीसंगं." ती पुढं गेली. मग थांबून म्हणाली, "खाली जपून. तळं एकट्याचं न्हाई."

तिनं साहेबांना सांगितलं नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, वस्तीच्या बाईनं गावच्या मुकादमाची चहाडी केली तर चिठ्ठीतली नावं तिथंच गळाली असती.

आम्ही खणत गेलो. फावडं चिकट मातीवर अडायला लागलं तसा मी टिकाव आणला. टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं हटकलं. "तळ्यात टिकाव आनत्यात का?" मी म्हणालो, "वरून सुकून घट्ट झालंय, खाली गाळच हाय." मी मुकादम, तो बाजूला सरला. चार दिवस गेले असतील. मग एका सकाळी माझ्याच टिकावाखालून मऊ आवाज आला आणि वर पिवळा मुरूम आला. मी पाय त्यावर ठेवला. आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. वरून दोन पाट्या गाळ ओढला, पायानं दाबला आणि म्हणालो, "बास. हितलं झालं. पुढं सरका."

दाबलं म्हणजे बुजलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पावसाच्या पाण्याबरोबर गाळ येईल, भोकात बसेल. नाही बसला तर काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. पण वैशाखात डोंगरावर चर खणताना वरून तळं दिसायचं आणि माझी नजर पुन्हा पुन्हा खोडापाशी जायची. ते चर त्या वर्षी फार चांगले झाले. गाळ येऊ नये म्हणूनच चर असतात, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

त्र्याहत्तरचा पाऊस वेळेवर आला. चरांनी माती अडवली आणि तळ्यात नितळ पाणी उतरलं. आषाढात दोन्ही खड्डे, मधला पट्टा, खांब, सगळं पाण्याखाली गेलं. बांधावर माणसं नुसतं पाणी बघायला येऊन बसायची. पाटलांनी नारळ फोडला. मामी लांबून मला म्हणाली, "दिसतंय का, आमचा हरभरा कुठं येनार ते?" तिनं काठाच्या एका वळणाकडं हात केला. मी हसलो.

मग पाऊस थांबला, तसा आमच्याकडं श्रावणात थांबतोच. पण पाणी थांबलं नाही. बांधाच्या आतल्या दगडांवरची ओली रेघ रोज खाली सरकायला लागली. पहिले काही दिवस लोक म्हणाले, तहानलेली जमीन आहे, पिणारच. मग म्हणेनासे झाले. बायका हंडा भरायला गेल्या की विहिरीत वाकून बघायच्या.

त्याच दिवसांत आमच्या मळ्यातली विहीर चढायला लागली. ती बांधाखाली, ओढ्याकडं, मुरमाचा पट्टा जिकडं उतरतो तिकडं. तळं उतरेल तसं तिच्यात पाणी वाढायचं. एका सकाळी मी मोटेसाठी बैल काढले तर आबा धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, उभे होते.

"मोट धरू नको," ते म्हणाले.

"का?"

"ओलं रान लोकांना दिसंल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मुरमावाटं येतंय पानी. किती खाली गेल्तास?"

मी बैल परत गोठ्याकडं वळवले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विहिरीवर त्यांनी बाभळीचे काटे ओढून टाकले. गावाच्या विहिरी उतरत होत्या आणि आमच्या विहिरीतलं पाणी काट्यांतून चकाकत होतं. त्या दिवसांत कुणी मळ्याकडं येताना दिसला की मी पुढं जाऊन त्याला वाटेतच बोलण्यात गुंतवायचो.

पाणी कुठून जातंय ते बघायची आमच्याकडं एक रीत आहे. वारा पडलेला बघून पाण्यावर भुसा टाकायचा. पाणी जिथं ओढलं जातं तिथं भुसा गोळा होतो. गाव बांधावर जमलं. दोन पोहणाऱ्यांनी भुशाची पोती सोडली. भुसा आधी पसरला, मग हळूहळू गोल व्हायला लागला आणि खोडाच्या रेघेवर येऊन थांबला. तेवढ्यात वारा सुटला. भुसा कधी अलीकडं यायचा, कधी पलीकडं जायचा. खालचा पट्टा विरघळून गेला होता. दोन खड्ड्यांचा एक झाला होता.

"कुनाचा खड्डा?" पाटलांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी मुकादम आणि गावाचा. वस्तीची माणसं जरा बाजूला उभी होती. मामी पुढं आली.

"नीट बघून सांग पोरा," ती म्हणाली. "खोडाच्या अलीकडं का पलीकडं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मला सुटायला तिनं जागा ठेवली होती. मी बघून सांगितलं असतं, अलीकडंही असू शकेल, वाऱ्यामुळं समजत नाही, तरी चाललं असतं. मी हात वर केला आणि बोट डोंगराकडं दाखवलं.

"पलीकडं. आमचं माप कमरेइतकं हुतं. साहेबांनी खांबाला टेप लावलीय."

"खांबाला," मामी म्हणाली. "खांबाचं डोकं कुठं गेलं ते बी सांग."

"आता ही खांबाचं काय काढतीय," मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "त्यांना गाळपेर पायजे हुती, खोल खनलं म्हंजी ओल टिकंल असं वाटलं आसंल." तिसऱ्यानं त्यात भर घातली. बघता बघता ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखं झालं. मामी बोलत होती पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. आबा बांधाच्या कडेला उकिडवे बसून जमिनीकडं बघत होते.

भाद्रपद तोंडावर आला तोवर तळ्यात चिखल उरला. आमच्याकडचा भरवशाचा पाऊस हस्त नक्षत्राचा. त्याच्या आत तळ बुजला नाही तर ते पाणीही जाणार आणि पुढचं साल बहात्तरसारखंच. दुसरा दुष्काळ काढायची ताकद कुणात नव्हती.

तळ बुजवायचा म्हणजे चिकण माती आणून भुशात कालवून ओतायची आणि वरून गुरं फिरवून तुडवायची. खुरांनी माती अशी बसते की पाणी झिरपत नाही. गाव चिकण माती वाहायला लागलं. सगळी खोडाच्या पलीकडं पडत होती, मी बोट दाखवलं होतं तिथं. माझ्या डोक्यावरची पाटी मी तिकडंच रिती करायचो. दोन-चारदा अलीकडं टाकली. लगेच कुणीतरी ओरडायचा, "मुकादम, वाट चुकला का?"

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर वस्तीची टोळी रांग धरून येत होती आणि एकेक पाटी खोडाच्या अलीकडं रिती होत होती. नेमकी तिथं, जिथं माझा टिकाव मुरमात गेला होता. मामी रांगेच्या शेवटी होती.

पाटलांचे थोरले चिरंजीव खेकसले. "अगं ए, आधी तुमचा खड्डा बुजवा की."

"माती आमच्या डोक्यावर हाय," मामी म्हणाली. "ती कुठं टाकायची ते आमची मान ठरवनार." रांग थांबली नाही. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा हळू बोलली. "बोट तुझं. तळं सगळ्यांचं. तू सांगशील म्हनून थांबले आस्ते तर हस्त निघून गेला आस्ता."

मी तिथंच बोलायला हवं होतं. सगळे होते. मी पाटी भरायला गेलो.

माती पडली आणि आभाळ भरून आलं. आता तुडवायला हवं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला चाबूक लावत नाहीत. पारावर बराच वाद झाला. एक दिवस थांबावं, तर पाऊस थांबेल याची खात्री नाही. शेवटी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं तोड काढली. पोळ्याला बैल मारुतीला फिरवतोच ना आपण, मग यंदा तळ्यात फिरवू. जू नाही, चाबूक नाही, नुसती मिरवणूक.

गावात असे कितीसे बैल उरले होते. तरी लोकांनी शिंगांना हिंगूळ लावला, जुन्या झुली काढल्या. ढोल वाजला. पहिला मान पाटलांच्या बैलाचा. त्यामागं आमची जोडी, मग बाकीचे, म्हशी, रेडे. वस्तीकडं एकच कालवड राहिली होती. ती शेवटी. मिरवणूक बांधावरून तळ्यात उतरली आणि खोडाच्या पलीकडं गोल फिरायला लागली. चिखल गुडघाभर. झुलींचे काठ काळे झाले. आभाळ इतकं खाली आलं होतं की ढोलाचा आवाजही दबल्यासारखा वाटत होता.

खोडाच्या अलीकडं वस्तीनं टाकलेली माती तशीच पडून होती. तिच्यावर एकही खूर पडला नव्हता. पाऊस आला असता तर ती वाहून गेली असती.

माझ्या हातात आमच्या जोडीचे कासरे होते. फेरा खोडाच्या रेघेपाशी आला तेव्हा मी कासरा अलीकडं ओढला. बैल वळले. मागची गुरं त्यांच्या मागं वळली. पाटलांचा बैल पुढं एकटाच राहिला, तोही फिरून आमच्या मागं आला.

"आरं, धर, धर त्यांना," लोक ओरडले.

"बिथरल्यात," मी म्हणालो. "आवरंनात."

एकानं काठी उचलली. त्या म्हाताऱ्या माणसानं त्याचा हात धरला. "आज न्हाई. आज त्यांचा दिस हाय. फिरतील तिथं फिरू दे."

मग मी फिरवत राहिलो. बैल बिथरलेत असं म्हणत, एका हातानं ओढत, तिथंच पुन्हा पुन्हा. माती आधी पचपचत होती, मग खुरांचा आवाज बदलला, घट्ट झाला. पलीकडच्या फेऱ्यात न उतरता मामी काठावर कालवडीची दोरी धरून उभी होती. मी जवळून गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बैलांना कळलं. तुला कधी कळायचं?" आणि आपली कालवड त्या फेऱ्यात सोडली.

ढोल थांबायच्या आत थेंब पडायला लागले.

हस्तानं तळं भरलं. आम्ही सगळे त्या ओल्या रेघेवर डोळे लावून बसलो. रेघ हलली नाही. आमच्या विहिरीतलं पाणी हळूहळू खाली गेलं आणि आबांनी काटे काढून टाकले. तळं वाचलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. पण त्या सुटण्यातच फास होता. पारावर लोक म्हणायला लागले, बघा, वस्तीचा खड्डा बुजवला आणि पाणी थांबलं. म्हणजे तिथूनच जात होतं. माझ्या बोटाला तळ्यानंच साक्ष दिली. आता खरं सांगायचं तर वाचलेल्या तळ्याविरुद्ध बोलावं लागणार होतं. मी स्वतःला सांगितलं, झालं ते झालं, पाणी आहे ना.

हिवाळ्यात गाळपेरीच्या चिठ्ठ्या पडल्या. वस्तीतलं एकही नाव नव्हतं. मामी पाराखाली उभी होती. पाटील म्हणाले, "तळ फोडनाऱ्याला तळ्यातली जमीन कशी द्यायची, तूच सांग."

ती माझ्याकडं बघेल म्हणून मी मान खाली घातली होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. पाटलांना म्हणाली, "द्या नका देऊ. पर पुढं कवातरी हे तळं पुन्हा खनाल, तवा कुठं जपायचं ते ज्याला म्हाईत हाय त्याला इचारा." आणि गेली. काठाच्या त्या वळणावरचा तुकडा दुसऱ्याच कुणाच्या चिठ्ठीत निघाला. आठवड्याभरात वस्तीतली निम्मी घरं कोयते घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागली. मामी आणि तिची सून त्याच गाडीत होत्या. त्या सुनेला मुलगा तिकडं उसाच्या फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीतच, झाला.

मामी वारून बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ती वाटेत भेटली की आधी तीच विचारायची, "बरा हायस का मुकादमा?" मी बरा आहे म्हणायचो. आमच्या माळाच्या रानात त्या गाळावर ज्वारी झाली, मग कांदा झाला. घर त्याच्यावर वर आलं. आबा जाईपर्यंत त्या रानात चालायचे, पण तसे अनवाणी कधी दिसले नाहीत.

परवाच्या बैठकीनंतर मी वस्तीवर गेलो. त्या फडात जन्मलेला मुलगा आता पन्नाशीचा आहे, वायरमन आहे. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, खांबापासून पोळ्यापर्यंत. चहा आला, निवला.

"आजोबा," शेवटी तो म्हणाला, "आमच्याकडं हे पोराटोरांना बी म्हाईत हाय. आजी सांगायची. खांबाची टोपी, सगळं." तो जरासा हसला. "हे हितं सांगून काय उपेग? आमाला नवीन न्हाई. जिथं नवीन हाय तिथं सांगा."

मग त्यानं विचारलं, "यंत्र कवा लागनार हाय?"

"सोमवारी."

"मग बसू नका."

मी उठलो. हे लिहिलेलं उद्या पारावर मी स्वतः वाचणार आहे. वाचताना आवाज गेला तर त्या वायरमननं पुढं वाचावं, अशी त्याला विनंती केली आहे. तो व्हय म्हणाला नाही, न्हाईही म्हणाला नाही.

लोकांनी माझ्याविषयी काय म्हणायचं ते म्हणावं. पण सोमवारी यंत्र उतरायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा. बाभळीचं खोड आता नाही. त्या जागी काठावर मी आज चुन्याची रेघ मारून आलो आहे. रेघेच्या पलीकडं राखी माती लागेपर्यंत खुशाल खणा, तिथला तळ कधीच फुटला नव्हता. अलीकडं यंत्र लावू नका. तिथं मुरमावर वस्तीनं आणून टाकलेली माती आहे, तेवढीच.